चांदण्याचा रंग कुठून येतो?

१८८० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये एक प्रदर्शन भरलं. त्यात चित्र एकच होतं: आर्खिप कुइंजी यांचं ‘नीपरवरील चांदणी रात्र’. खिडक्यांना पडदे लावून दालनात अंधार केला होता, दिव्याचा झोत फक्त चित्रावर. त्यातला चंद्र इतका उजळ दिसे की, मागे दिवा लपवला असावा अशी शंका प्रेक्षकांना येई.

चित्र आहे युक्रेनमधल्या नदीकाठच्या खेड्याचं. वर प्रचंड आभाळ, ढगांच्या फटीत चंद्र, खाली पाण्याचा हिरवट चंदेरी पट्टा. काळोख्या काठावर काही घरं आणि तिथे तांबूस उजेडाचा एक ठिपका.

खरं तर चांदणं हिरवट किंवा निळसर नसतंच. ते चंद्रावरून परतलेलं ऊन. चंद्राची जमीन लाल किरण थोडे जास्त परतवते, त्यामुळे चांदणं उन्हापेक्षा किंचित तांबूसच असतं. निळाई येते ती आपल्या डोळ्यांमुळे. पौर्णिमेचा उजेड भर उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या हिश्शाइतका. एवढ्याशा उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी मंदावतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. शंकूपेशींच्या नजरेला ५५५ नॅनोमीटरचा पोपटी प्रकाश सर्वांत उजळ, तर दंडपेशींना ५०७ नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा. लाल त्यांना जवळपास दिसतच नाही. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किने यांनी १८२५ मध्ये या बदलाचं वर्णन केलं. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, म्हणून चांदण्यात बारकावेही हरवतात. कुइंजींनी नेमकं हेच पकडलं. काठावरचे तपशील त्यांनी अंधारात विरघळू दिले आणि लाल रंग फक्त दिव्याच्या उजेडापुरता ठेवला. त्या तांबूस ठिपक्याशेजारी पाणी अधिकच हिरवं भासतं. चंद्राचा रंग स्वतः प्रकाशत नाही. भोवतीच्या गडद छटांमुळे तो उजळतो. चित्रातली गूढ शांतता या हिशेबातूनच आली आहे.

पडताळा घ्यायचा असेल तर येत्या पौर्णिमेला लाल जास्वंद आणि निळी गोकर्ण शेजारी ठेवा. दिवे मालवा, मोबाइल बाजूला ठेवा आणि डोळ्यांना अर्धा तास द्या. जास्वंद काळी पडेल, गोकर्ण तिच्यापेक्षा उजळ दिसेल.