उष्णता आणि नजरेची रेषा



सोलापूरच्या उन्हाळ्याची आपणांस नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. वैशाखातील दुपारी पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो आणि माणूस सावली शोधू लागतो. परंतु हाच ताप निर्जीव यंत्रांनाही भोवतो, विशेषतः भिंगाच्या साहाय्याने सूक्ष्म भाग जुळविणाऱ्या यंत्रांना. अशा यंत्रात भिंग, आरसा आणि जुळवावयाचा भाग एका ठरलेल्या रेषेत राहावे लागतात. तिला आपण नजरेची रेषा म्हणू. भोवतालचा धातू क्षणोक्षणी वाढत असता ती ढळू कशी द्यावयाची नाही, हा आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम थोडा हिशेब करू. सूक्ष्म मापनासाठी 20 अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान 1931 साली आंतरराष्ट्रीय संमतीने ठरले. त्या तापमानात बरोबर एक मीटर भरणारी पोलादी पट्टी 40 अंशांवर सुमारे 0.23 मिलिमीटरने लांब भरते. कापड मोजणाऱ्यास याचे काहीच वाटणार नाही. भिंग बसविणाऱ्यास मात्र ही फार मोठी चूक आहे.

तथापि लांबी वाढणे हे संकटाचे सौम्य रूप होय. एक मीटर लांब व दहा सेंटिमीटर जाड अशी पोलादी भुजा एका टोकास घट्ट बसविली आहे, असे समजा. ती सर्वांगाने एक अंश तापली, तर तिचे मोकळे टोक सुमारे 12 मायक्रोमीटर पुढे सरकते. पण तिची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा एकच अंश अधिक तापली, तर ती भुजा वाकते आणि टोक सुमारे 57 मायक्रोमीटर खाली झुकते. माणसाचा केस साधारणतः 70 मायक्रोमीटर जाड असतो, हे ध्यानात घ्या. शिवाय टोकावरील भिंग तिरपे होते ते निराळेच. सारांश, उष्णतेपेक्षा उष्णतेचा पक्षपात अधिक घातक आहे.

या वैऱ्याशी आपल्याच परिसरात पूर्वी दोनदा गाठ पडली आहे. सोलापूरच्या पूर्वेस असलेल्या बीदर येथे 1841 साली अँड्र्यू वॉ यांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी सुमारे पावणेआठ मैलांहून थोडी अधिक लांब अशी पायारेषा मोजली. मोजण्यास दहा फुटी जोडपट्ट्या होत्या. प्रत्येक जोडीत एक पट्टी लोखंडाची व एक पितळेची असून दोन्ही मध्यभागी एकत्र जखडलेल्या होत्या. लोखंड तीन भाग वाढले तर पितळ सुमारे पाच भाग वाढते. दोन्हींची टोके एका आडव्या जिभलीने जोडली, की पितळ अधिक वाढल्यामुळे जिभली तिरपी होते. आणि लोखंडाच्या पलीकडे तिच्यावर असा एक बिंदू सापडतो, की जो जागचा हलत नाही. मापाची खूण तेथेच कोरीत. दोन जोडपट्ट्या एकमेकींस टेकवीत नसत. त्यांच्या खुणांमधील सहा इंचांचे अंतर दोन सूक्ष्मदर्शकांनी पाहात, आणि ते सूक्ष्मदर्शकही अशाच दुहेरी धातूच्या पट्ट्यांवर बसविलेले असत. उत्तरेकडून त्रिकोणांच्या साखळीने काढलेली लांबी व येथे प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत अवघा सुमारे 4.3 इंचांचा फरक पडला!

पण या युक्तीसही एक अट होती. लोखंड व पितळ सारख्याच वेगाने तापले पाहिजेत. तसे झाले नाही, तर दोघांचा मेळ बिघडतो. म्हणून मोजणी तंबूंच्या सावलीत चालत असे.

दुसरी गोष्ट खुद्द सोलापूर जिल्ह्यातील. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी करमाळा तालुक्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आले होते, आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले होते. कॅम्पबेल यांचा कॅमेरा चाळीस फूट लांबीचा होता. त्याचे भिंग एका मनोऱ्यावर होते. प्रकाश अडविणारी नळी भोवतालच्या दुसऱ्या, स्वतंत्र मनोऱ्यावर. आणि छायाचित्राची काच खाली जमिनीशी. नळी वाऱ्याने हलो, तिचा धक्का भिंगास वा काचेस पोचत नसे. योजना मुख्यतः वाऱ्यासाठी होती खरी. परंतु जो भाग हलणारच, त्याचा भार नजरेच्या रेषेवर टाकू नये, हे तिच्यातील सूत्र उष्णतेसही तितकेच लागू पडते.

हे सांभाळता आले नाही तर काय होते, याचे उदाहरण 1919 साली ब्राझीलमधील सोब्राल येथे घडले. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश किती वळतो, हे ग्रहणात मोजावयाचे होते. आइन्स्टाइनच्या मते उत्तर 1.75 विकला, न्यूटनच्या विचारसरणीने 0.87. तेथील एका दुर्बिणीस प्रकाश पुरविणारा आरसा उन्हाने असमान तापला असावा. तिची चित्रे अस्पष्ट आली आणि उत्तर 0.93 निघाले. शेजारच्या लहान दुर्बिणीच्या स्पष्ट चित्रांनी 1.98 सांगितले. पहिलीच दुर्बीण तेथे असती, तर तापलेल्या आरशाने विश्वाविषयीचा निवाडा फिरविला असता!

आजची जुळणीयंत्रे हेच धडे गिरवितात. इन्व्हार नावाचे लोखंड-निकेलचे मिश्रण गियोम यांनी 1896 साली शोधले. ते पोलादाच्या सुमारे दशांशच वाढते, म्हणून मोजपट्टी वा भिंगाचा आधार त्याचा करतात. उष्णता ओकणारी मोटार भुजेपासून दूर ठेवतात, किंवा दोन्ही बाजूंस सममित बसवितात. काम सुरू करण्यापूर्वी यंत्र रिकामे चालवून त्याचे तापमान स्थिरावू देतात. आणि शेवटचा उपाय सर्वांत प्रामाणिक: ओट्यावर एक अचल खूण ठेवून कॅमेऱ्याने ती ठराविक वेळाने पुन्हा पाहावयाची. खूण सरकलेली दिसली, तर ओटा नव्हे, आपली दृष्टी सरकली असे समजून तेवढी दुरुस्ती करावयाची.

वैशाख थोपविणे कोणाच्या हाती नाही. परंतु त्याचा ताप सर्व बाजूंनी सारखा वाटून घेणे, आणि आपली नजर ढळली नाही ना हे मधूनमधून पडताळून पाहणे, एवढे मात्र खचित आपल्या हाती आहे.