हातातला पंप

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की त्या बाजूच्या हाताने जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळे बजावत. बादली नको, पिशवी नको, नातवाला कडेवर घेणं नको. भीती उगीच नव्हती. हातातला लसीकाद्रव (लिम्फ) काखेतून वर जातो, आणि ऑपरेशनमध्ये नेमक्या काखेतल्याच लसीकाग्रंथी काढतात. वाट अडली की द्रव हातात साचतो. बांगडी रुतायला लागते, ब्लाउजची बाही चढेनाशी होते. ही सूज एकदा मुरली की पुरती जाणं कठीण. मग हाताला विश्रांती द्या, हे ओघानेच आलं.

पण लसीकेची तऱ्हा न्यारी आहे. रक्त ढकलायला हृदय आहे, लसीकेला तसा एकही मोठा पंप नाही. तिच्या नळ्या स्वतः आकुंचन पावतात, आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात आणि उरलेला जोर लावतात शेजारचे स्नायू. मूठ वळली, कोपर वाकलं की नळ्या दाबल्या जातात, द्रव पुढे सरकतो. म्हणजे ज्या हाताला गप्प बसवलं जात होतं, त्याचा पंप त्याच्या हालचालीतच दडलेला!

कॅनडातले क्रीडावैद्य डॉन मॅकेन्झी यांनी 1996 साली व्हँकूवरमध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या 24 जणींना चक्क ड्रॅगन बोटीत, म्हणजे अनेकींनी मिळून वल्हवायच्या लांब बोटीत, बसवलं. वल्हं पाण्यात खुपसायचं, अंगाकडे ओढायचं, उचलायचं, पुन्हा खुपसायचं. जे करू नका म्हणत तेच, शेकडो वेळा. आधी व्यायामशाळेत तयारी, मग पाणी. एकीच्याही हाताला नवी सूज आली नाही. आज अशा बोटी तीसहून अधिक देशांत आहेत.

अर्थात 24 जणींवरून, तेही तुलनेला दुसरा गट नसताना, शास्त्र ठरत नाही. 2009 मध्ये अमेरिकेतल्या कॅथरिन श्मिट्झ यांचा अभ्यास आला. आधीच सूज असलेल्या 141 जणी घेतल्या, त्यातल्या निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. हाताची सूज वाढण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं. त्रास उफाळून येण्याचं मात्र वजन उचलणाऱ्यांत 14 टक्के, न उचलणाऱ्यांत 29!

यात घाई कुठेच नव्हती. हातावर घट्ट दाबबाही, सुरुवातीला प्रशिक्षकाची देखरेख, वजनं अगदी हलकी. हाताची तक्रार नसेल तरच पुढचं वजन. वरची मर्यादा मात्र ठेवलीच नव्हती, हे मला फार आवडलं.

फायदा हातापुरताच नाही; उपचारांनंतरचा झोपूनही न जाणारा थकवासुद्धा व्यायामाने हलका होतो. त्यासाठी रोजचं चालणंही पुष्कळ. वजनांची सुरुवात मात्र फिजिओथेरपिस्टला विचारूनच करावी, आणि हात जड वाटायला लागला तर थांबून आधी दाखवून घ्यावं.