जुन्या गाडीचें नुकसान व विमा कंपनीशीं व्यवहार

आपल्या शेतकरी वर्गांत गाडी जुनी होईपर्यंत वापरली जाते. किंबहुना जुनी झाल्यावरच ती शेताच्या खऱ्या उपयोगास येते. बारा वर्षांच्या जीपला बाजारांत फारसें मोल नसलें, तरी बियाणें, खत, मजूर व बाजारचा माल यांची ने-आण तिच्यावरच चालते. अशी गाडी एखाद्या भरधाव ट्रकनें मागून ठोकली, म्हणजे मालकाच्या मनांत प्रथम येतें तें हें कीं, गाडी जुनी, तेव्हां आपल्याला आतां काय मिळणार? विमा कंपनीचा मनुष्यही बहुधा असेंच बोलतो व एक लहानसा आकडा सांगून मोकळा होतो. हा समज निम्माच खरा आहे, आणि त्या निम्म्या सत्यापायीं पुष्कळ जण हक्काची रक्कम सोडून देतात. म्हणून या विषयाची थोडी फोड करून सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

दुसऱ्याच्या चुकीनें आपली गाडी मोडली असतां भरपाईचे मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग आपल्याच विमा कंपनीकडे जाण्याचा. ज्याच्या पॉलिसींत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही समावेश आहे, त्यालाच हा मोकळा असतो. दुसरा मार्ग ठोकर देणाऱ्या गाडीचा चालक, मालक व तिची विमा कंपनी यांजकडून भरपाई मागण्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमानें रस्त्यावर चालणाऱ्या खाजगी व मालवाहू गाड्यांस त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला आहे. आणि ट्रकच्या त्या विम्याच्या दृष्टीनें ठोकर खाल्लेल्या जीपचा मालक हाच त्रयस्थ होय. गाडी जुनी झाली म्हणजे हप्ता वाचविण्यासाठीं पुष्कळ जण केवळ हा सक्तीचा विमाच ठेवितात. त्यांना पहिला मार्ग बंद असतो, परंतु दुसरा बंद नसतो. ही गोष्ट प्रत्येक वाचकानें पक्की ध्यानांत ठेवावी.

आतां पहिल्या मार्गाचा हिशेब पाहूं. तो दोन गोष्टींवर चालतो: पॉलिसींत लिहिलेली गाडीची किंमत, जिला आयडीव्ही म्हणतात, आणि घसारा. पांच वर्षांपर्यंत ही किंमत ठराविक कोष्टकाप्रमाणें उतरत जाते. त्यापुढें कोष्टक नाहीं, कंपनी व मालक यांनीं ती आपसांत ठरवावयाची असते. दुरुस्तीच्या वेळीं नवे भाग घातले तर लोखंडी व पत्र्याच्या भागांवर, गाडी पांच ते दहा वर्षांची असल्यास ४० टक्के व दहा वर्षांवरील असल्यास ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांवर गाडीच्या वयाकडे न पाहतां ५० टक्के कापतात. कांचेवर व मजुरीवर घसारा नसतो. ट्रॅक्टर व मालवाहू गाड्या यांच्या पॉलिसींत टायर, दिवे, मडगार्ड, बॉनेट असे भाग जादा हप्ता भरल्याखेरीज वगळलेले असतात. ते कलम वाचून पाहावें.

उदाहरण घेऊं. बारा वर्षांच्या जीपची दुरुस्ती १,२०,००० रुपये झाली. त्यांत लोखंडी व पत्र्याचे भाग ७०,०००, टायर व रबरी भाग २०,००० आणि मजुरी ३०,०००. कंपनी अनुक्रमें ३५,०००, १०,००० व ३०,००० मिळून ७५,००० रुपये धरील, व त्यांतून पॉलिसींत लिहिलेली सक्तीची वजावट काढील. म्हणजे निदान ४५,००० रुपये मालकाच्या पदरचे जातील. याच जीपची किंमत पॉलिसींत २,००,००० लिहिली असेल, तर गाडी दुरुस्त होऊन परत येईल. पण हप्ता कमी पडावा म्हणून ती ९०,००० लिहिली असेल, तर निराळाच प्रसंग येतो. दुरुस्तीचा खर्च लिखित किमतीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे येथें ६७,५०० रुपयांवर गेला, कीं कंपनी गाडी पूर्ण बाद धरते. मग जास्तींत जास्त ९०,००० रुपये मिळणार, आणि मोडकी गाडी आपण ठेवली तर तिची भंगार-किंमत त्यांतून वजा होणार. हप्त्यांत वाचविलेले थोडे रुपये असे एका दिवसांत परत घेतले जातात. शिवाय आपल्या कंपनीकडे मागणी केली कीं, चूक दुसऱ्याची असली तरी २० ते ५० टक्क्यांपर्यंतचा नो क्लेम बोनस पुढील हप्त्याचे वेळीं जातो. म्हणून लहान नुकसानीसाठीं हा मार्ग धरण्यापूर्वी हिशेब करून पाहावा.

दुसऱ्या मार्गांत मुख्य फरक असा कीं, घसाऱ्याचें वरील कोष्टक ही आपण व आपली कंपनी यांच्या करारांतील अट आहे. ट्रकवाल्याची जबाबदारी त्या कोष्टकानें ठरत नसून पुराव्यानें ठरते. त्याच्या कंपनीचा मनुष्य आपल्यापुढें तेंच कोष्टक ठेवूं लागला, तर तें आपल्यास बांधील नाहीं, असें नम्रपणें पण लेखी कळवावें. मात्र गाडीच्या बाजारभावाहून दुरुस्ती महाग पडत असेल, तर बाजारभावाचा प्रश्न निघतोच. यास्तव तशाच वयाच्या व बनावटीच्या गाड्या आपल्या भागांत काय भावानें विकल्या जातात, याचा लेखी दाखला जाणत्या गॅरेजवाल्याकडून घ्यावा.

ही मागणी मोटार अपघात न्यायाधिकरणापुढें १६६ व्या कलमाखालीं करावयाची असते. अपघात जेथें झाला तेथें, अर्जदार जेथें राहतो तेथें, किंवा प्रतिवादी जेथें राहतो तेथें अर्ज चालतो. म्हणून परजिल्ह्यांत अपघात झाला तरी आपल्या जिल्ह्यांत अर्ज करतां येतो. अर्जाची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनें अपघातापासून सहा महिने केली असून ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आहे. कंपनीशीं पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाहीं; या भ्रमांत राहून हक्क घालवूं नये. समोरची गाडी मोटार किंवा ट्रक असल्यास मालमत्तेच्या नुकसानीबद्दल तिच्या कंपनीची जबाबदारी साधारणतः ७,५०,००० रुपयांपर्यंत व दुचाकी असल्यास १,००,००० रुपयांपर्यंत असते. मालकानें हप्ता वाचविण्यासाठीं ती ६,००० रुपयांपुरती मर्यादित केली असेल, तर उरलेली रक्कम मालकाकडून मागावी लागते. म्हणून समोरच्या पॉलिसीची प्रत आरंभींच मिळवावी.

पुराव्याची तयारी अपघाताच्या जागींच सुरू होते. गाड्या हलविण्यापूर्वी चोहोंकडून छायाचित्रें घ्यावींत. समोरच्या गाडीचा नंबर, चालकाचें नांव व परवाना, आणि दोन साक्षीदारांचीं नांवें टिपून ठेवावींत. पोलिसांत वर्दी देऊन पंचनामा करून घ्यावा. कायद्याच्या १६० व्या कलमाप्रमाणें भरपाई मागणाऱ्यास त्या गाडीची व चालकाची माहिती पोलिस ठाण्याकडून किंवा नोंदणी अधिकाऱ्याकडून मागतां येते. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी उघडूं देऊं नये, आणि त्याच्या अहवालाची प्रत लेखी मागावी. मोडलेले भाग व पक्कीं बिलें जपून ठेवावींत. आपल्या बाजूनेंही दोष नसावा: रात्रीं रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीस मागें दिवा किंवा चमकणारी पट्टी नसली, तर अपघाताचा कांहीं दोष आपल्याकडे येऊन भरपाई कमी होते. नोंदणीस १५ वर्षें होऊन गेलीं असल्यास ती नवी करून घेतलेली असावी. एरव्हीं आपलीच कंपनी हरकत घेण्यास मोकळी होते.

एकाच नुकसानीचे पैसे दोहोंकडून घेतां येत नाहींत. आपल्या कंपनीकडून घेतल्यावर बाकीची रक्कम दुसऱ्याकडून मागण्याचा विचार असेल, तर 'पूर्ण व अखेरचे पैसे पावले' अशा पावतीवर सही करण्यापूर्वी वकिलास ती दाखवावी. कोणतीही रक्कम तोंडी मान्य करूं नये. हा आकडा कसा काढला तें लेखी कळवावें, एवढेंच म्हणावें. पुष्कळदां या एका वाक्यानेंच आकडा वाढतो.

आपलीच कंपनी अन्याय करील, तर प्रथम तिच्या तक्रार अधिकाऱ्यास लिहावें. महिनाभरांत उत्तर न आल्यास किंवा आलेलें उत्तर न पटल्यास वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जावें. त्याचीं कार्यालयें मुंबई व पुणें येथेंही आहेत व फी पडत नाहीं. ग्राहक आयोगाचा मार्गही दोन वर्षांपर्यंत मोकळा असतो. मात्र समोरच्याच्या कंपनीचे आपण ग्राहक नव्हे. तिच्याविरुद्ध न्यायाधिकरण हेंच ठिकाण.

शेवटीं एकच सांगावयाचें. बांधाची हद्द जशी वाद होण्यापूर्वी पक्की करावी, तशी गाडीची किंमत हप्ता भरण्याच्या दिवशीं पक्की करावी. पुढच्या वेळीं एजंट पॉलिसी घेऊन येईल, तेव्हां हप्त्याचा आकडा पाहण्याआधीं गाडीच्या किमतीचा आकडा पाहावा, व तो बाजारभावाला धरून आहे अशी खात्री झाल्यावरच सही करावी.