फोन करणाऱ्याला तुमचं नाव-पत्ता कसा कळतो? डेटा लीकनंतर काय होतं, समजून घ्या

अनोळखी नंबरवरून फोन येतो. समोरचा तुमचं पूर्ण नाव घेतो, पत्ता सांगतो, जन्मतारीखही सांगतो. 'बँकेतून बोलतोय' म्हणतो. एवढी माहिती आहे म्हणजे माणूस खरा असणार, असं आपल्याला वाटतं. फसवणूक नेमकी इथूनच सुरू होते.

माहिती बाहेर जाते कुठून?

मे २०२१ मध्ये डोमिनोज इंडियाच्या सुमारे १८ कोटी ऑर्डर्सचा डेटा डार्क वेबवर आला. मोबाइल नंबर टाकला की नाव, ई-मेल आणि पत्ता दिसत होता. आर्थिक माहिती सुरक्षित असल्याचं कंपनीने सांगितलं. पण ठगाला कार्ड नंबर लागतोच असं नाही. त्याला ओळख दाखवण्यापुरती माहिती पुरते.

त्याच महिन्यात एअर इंडियाने सुमारे ४५ लाख प्रवाशांचा डेटा फुटल्याचं कळवलं. त्यात जन्मतारीख आणि पासपोर्टचा तपशीलही होता. हल्ला विमान कंपनीवर नव्हे, तर तिची प्रवासी यंत्रणा सांभाळणाऱ्या 'सीटा' या कंपनीवर झाला होता. म्हणजे तुम्ही माहिती एकाला देता, ती सांभाळतो दुसराच.

एका लीकमधून दुसरी चोरी कशी होते?

२०१२ मध्ये ड्रॉपबॉक्सच्या ग्राहकांना अचानक स्पॅम मेल येऊ लागले. काहींनी तो ई-मेल पत्ता फक्त ड्रॉपबॉक्ससाठीच वापरला होता. तपासात कळलं की दुसऱ्या साइटवरून चोरलेल्या पासवर्डने एका कर्मचाऱ्याचं खातं उघडण्यात आलं होतं आणि त्यात ग्राहकांच्या ई-मेलची यादी होती. २०१६ मध्ये समोर आलं, की त्या चोरीत ६ कोटी ८० लाखांहून अधिक खात्यांचा तपशील गेला होता.

फुटलेले ई-मेल आणि पासवर्ड इतर साइट्सवर आपोआप टाकून पाहणारी सॉफ्टवेअर्स असतात. एकच पासवर्ड सगळीकडे वापरला असेल, तर एका कुलपाची किल्ली सगळ्या दारांना लागते.

मग करायचं काय?

- फोनवरच्या माणसाला तुमची माहिती आहे, हा तो खरा असल्याचा पुरावा नाही. फोन ठेवा आणि कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा.
- ओटीपी, पिन कुणालाही सांगू नका. 'केवायसी'साठी कुणी पाठवलेलं अॅप टाकू नका.
- ई-मेल आणि बँकेचा पासवर्ड वेगळा ठेवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा.
- पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

कंपन्यांचं काय?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, डेटा सुरक्षित न ठेवणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख बदलता येत नाही. एकदा बाहेर गेलेली माहिती परत येत नाही. म्हणून पुढचा फोन आला की एवढंच लक्षात ठेवा: माहिती खरी असली, तरी माणूस खोटा असू शकतो.