पास्त्यावरचं 'पार्मेजान' खरंच इटलीचं असतं का? आणि ते शाकाहारी असतं का?

रील बघून घरी पास्ता करायचा ठरतो. साहित्याच्या यादीत शेवटी लिहिलेलं असतं, 'वरून पार्मेजान चीज'. सुपरमार्केटमध्ये गेलं की एकीकडे पावडरची डबी दिसते आणि दुसरीकडे कितीतरी पट महाग, पिवळसर रंगाचा छोटा तुकडा. दोन्हींवर जवळपास सारखंच नाव. मग किमतीत एवढा फरक का?

मूळ नाव काय आहे?

या चीजचं मूळ नाव 'पार्मिजानो रेज्जानो'. उत्तर इटलीतल्या पार्मा आणि रेज्जो एमिलिया या शहरांवरून ते पडलंय. हे चीज पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे प्रांत, तसंच बोलोन्या आणि मांतोवा प्रांतांचा काही भाग, एवढ्याच पट्ट्यात बनवता येतं.

आपल्याकडे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या आंब्यालाच 'हापूस'चं जीआय मानांकन आहे, तसाच हा प्रकार. युरोपात या मानांकनाला पीडीओ म्हणतात, तर इटालियनमध्ये डीओपी. पार्मिजानो रेज्जानोला ते 1996 मध्ये मिळालं.

मग 'पार्मेजान' म्हणजे काय?

ते याच नावाचं परदेशात रुळलेलं रूप आहे. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने 2008 मध्ये जर्मनीशी संबंधित खटल्यात 'पार्मेजान' हे नावही याच संरक्षणाखाली येतं, असं स्पष्ट केलं. त्यामुळे युरोपियन युनियनमध्ये दुसऱ्या चीजला हे नाव देता येत नाही.

युरोपाबाहेर मात्र चित्र वेगळं आहे. अमेरिकेत हे एका प्रकारच्या चीजचं सर्वसाधारण नाव मानलं जातं. भारतातही इथे बनलेलं चीज याच नावाने विकलं जातं. ते खराब असतं असं नाही, पण ते इटलीचं नसतं.

ते एवढं महाग का?

घटक फक्त तीन: दूध, मीठ आणि रेनेट. बाहेरून काहीही मिसळायला परवानगी नाही. गायींना आंबवलेला मुरघास देण्यावरही बंदी आहे.

संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून त्यावरची साय काढतात. त्यात सकाळचं ताजं दूध मिसळून ते तांब्याच्या मोठ्या कढईत तापवतात. साधारण 40 किलोच्या एका चाकासाठी जवळपास 550 लिटर दूध लागतं. ही चाकं मिठाच्या पाण्यात मुरवून किमान 12 महिने फळ्यांवर ठेवली जातात. त्यानंतर तपासनीस प्रत्येक चाक छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐकतात. आत पोकळी किंवा भेग असेल तर आवाजावरून कळतं. पास झालेल्या चाकावर तापवलेल्या लोखंडाचा शिक्का बसतो. नापास चाकाच्या सालीवरच्या खुणा खरवडून काढतात.

हे चीज शाकाहारी आहे का?

अनेकांसाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. उत्तर आहे, नाही.

दूध फाटून दही धरण्यासाठी जे रेनेट वापरतात, ते इथे वासराच्या जठरातून मिळवलेलं असतं. नियमानुसार दुसरं रेनेट चालत नाही. म्हणजे पार्मिजानो रेज्जानो अस्सल असेल तर ते शाकाहारी नसणार.

याच चवीचं 'ग्राना पादानो' हे इटालियन चीज घेतानाही सावध राहा. त्यातही प्राणिजन्य रेनेट असतं, शिवाय अंड्यापासून काढलेलं लायसोझाइम असू शकतं. पारंपरिक जेनोवा पद्धतीच्या पेस्तोमध्येही पार्मिजानो असतं. त्यामुळे सॉस हिरवा दिसला म्हणून तो शाकाहारी असेलच असं नाही.

शाकाहारी असाल तर 'मायक्रोबियल रेनेट' लिहिलेलं आणि हिरवा ठिपका असलेलं चीज घ्या. हॉटेलात ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.

अस्सल तुकडा कसा ओळखायचा?

- पाकिटावर 'पार्मिजानो रेज्जानो' हे पूर्ण नाव आणि पीडीओचं लाल-पिवळं गोल चिन्ह बघा.
- तुकड्याला साल असेल तर त्यावर ठिपक्यांनी कोरलेल्या नावाची अक्षरं दिसतात.
- घटकांच्या यादीत सेल्युलोजसारखा पदार्थ दिसला तर ते पार्मिजानो रेज्जानो नाही. पावडरच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून तो घालतात.
- चीजमध्ये पांढरे, कुरकुरीत कण दिसले तर ती बुरशी समजून फेकू नका. चीज मुरताना टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक तयार होतात.

वापरायचं कसं?

चीज लागेल तेवढंच, ऐन वेळी किसा. किसून ठेवलं की वास लवकर उडतो. गॅस बंद केल्यावर पास्त्यात घाला, उकळत्या सॉसमध्ये टाकलं तर गुठळ्या होतात. चीज मुळातच खारट असल्याने मीठ बेतानेच घाला.

साल टाकून देऊ नका. ती खरवडून, धुऊन सूपमध्ये उकळली की सूपला छान चव येते. इटलीत मिनेस्त्रोने सूपमध्ये ती घालतात. उरलेला तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून, बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

आणि बजेट नसेल किंवा शाकाहारी असाल तर भारतात बनलेलं चांगलं चीज वापरायला काहीच हरकत नाही. फक्त इटलीच्या नावाचे पैसे देताना ते खरंच तिथलं आहे का, एवढं पाकीट उलटून बघा.