राहून गेलेला दुखवटा

‘आता एवढी वर्षं झाली, अजून काय रडायचं?’ कोरोनात घरचं माणूस गेलेल्यांना हिंगोली-कळमनुरीकडं हे वाक्य आजही ऐकावं लागतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण त्यामागची समजूत चुकीची आहे. त्या काळाबद्दल अशा बऱ्याच समजुती आपण अजून धरून बसलो आहोत, आणि त्यांचा भार आधीच वाकलेल्या माणसांवर पडतो.

सगळ्यात खोल रुतलेला गैरसमज अंत्यविधीचा आहे. मयताचं तोंडही बघायचं नाही, राखेतूनसुद्धा रोग येतो, असं गावोगाव पसरलं होतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजीच, टाळेबंदी लागायच्याही आधी, मृतदेहाबाबत सूचना काढल्या होत्या. देह ठेवलेल्या पिशवीची चेन तोंडापाशी उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवायला त्यात मुभा होती. पोथी वाचणं, पाणी शिंपडणं असे अंगाला हात न लावता होणारे विधी चालणार होते. राखेपासून धोका नाही, अस्थी नेता येतील, हेही लिहिलेलं होतं. मनाई होती ती आंघोळ घालायला, कवटाळायला, मुका घ्यायला. कागदावर एवढं असूनही दुसऱ्या लाटेत अनेकांच्या वाट्याला चेहरा आलाच नाही. पेशंट नांदेडला हलवलेला, घरचे इकडं विलगीकरणात, आणि दवाखान्यातून परत आली ती एक प्लॅस्टिकची पिशवी: मोबाइल, चार्जर, चष्मा, आधार कार्डाची झेरॉक्स. अशी पिशवी कुणी वर्षानुवर्षं पेटीत तशीच ठेवली असेल, तर त्याला वेड लागलं म्हणू नये. डोळ्यांनी पाहिलं नाही की मरण मनाला पटत नाही. अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांत हीच अवस्था पाहिली आणि पुढे आयुष्यभर तिचा अभ्यास केला.

याच्याच पोटातून दुसरी भीती येते: विधी झाले नाहीत, जीव अडकून राहिला. हे मनात घेऊन झुरणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. देह हाती लागला नाही, तर पळसाच्या पानांची आणि दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा पालाशविधी आपल्याकडं जुन्या काळापासून आहे. माणूस पुरात, रानात, परमुलखात जातो आणि घरच्यांना सापडत नाही, हे पूर्वजांना ठाऊक होतं, आणि त्यांनी त्याची सोय करून ठेवली. बौद्ध घरांत पुण्यानुमोदन मागाहूनही घेता येतं, मुस्लिम घरांत दुआ कधीही मागता येते. धर्म कुठलाही असो, उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही.

‘ज्यांचं मन कच्चं, त्यांचंच दुःख लांबतं’ असंही म्हणतात. दुखवटा काय काम करतो ते पाहिलं की हे म्हणणं टिकत नाही. माणूस गेलं की गाव मातीला येतं. राख सावडतात. घरात चूल पेटत नाही, म्हणून भावकीतून पिठलं-भाकरी येते. तेरवीपर्यंत ओसरीवर कुणी ना कुणी बसलेलं असतं, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘काय झालं होतं?’ तीच हकीकत दहादा, वीसदा सांगावी लागते. त्या सांगण्यातच मरण हळूहळू खरं वाटायला लागतं. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये नेमकं हेच तुटलं. अंत्यविधीला वीसच माणसं, आणि शेजाऱ्यानं डबा आणला तरी तो फाटकाबाहेर ठेवलेला. ज्यांना हकीकत सांगायला एकही माणूस मिळाला नाही, त्यांच्या मनाला कच्चं म्हणणं हा अन्याय आहे.

काही घरांत गैरसमज स्वतःबद्दलच असतो. ‘मीच बाहेरून आणला, माझ्यामुळं बाप गेला.’ कोरोनाचा संसर्ग लक्षणं दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून पसरू शकतो, आणि कित्येकांना तर लक्षणं येतच नाहीत. एका घरातला एक जण मोंढ्यात गेलेला, दुसरा बँकेत, तिसरा दूध घालायला, चौथ्याकडं पाहुणे आलेले. कुणाकडून कुणाला झाला, हे घरबसल्या ठरवता येत नाही. जो सगळ्यात आधी खोकला त्यानंच आणला, असंही नसतं. हा आरोप वर्षानुवर्षं स्वतःवर लावून जगणाऱ्याला ही माहिती कुणीतरी जवळ बसून सांगायला हवी.

‘रिपोर्ट निगेटिव्ह आला होता, मग कोरोनानं कुठं गेले?’ हा प्रश्नही जिव्हारी लागतो. कळमनुरीचे, राज्यसभेचे खासदार राजीव सातव यांना एप्रिल २०२१ मध्ये कोरोना झाला. त्यातून ते सावरत असताना सायटोमेगॅलो नावाच्या दुसऱ्या विषाणूचा संसर्ग निघाला, आणि १६ मे रोजी पुण्यात, वयाच्या ४६व्या वर्षी ते गेले. कोरोनानंतरच्या गुंतागुंतीत माणसं जात होती, हे तेव्हा साऱ्या जिल्ह्यानं पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये नियमही झाला: तपासणीत कोरोना निघाल्यापासून तीस दिवसांत आलेला मृत्यू, मग तो घरी का झालेला असेना, कोरोनाचाच धरायचा. दवाखान्यातच मुक्काम लांबला असेल, तर तीस दिवसांनंतरचाही. अशा मृत्यूसाठी मिळालेल्या पन्नास हजारांच्या सरकारी मदतीपेक्षा, आपलं माणूस मोजलं गेलं याचाच कित्येक घरांना आधार वाटला.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, हे आता मोबाइलवरही फिरतं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९च्या पुस्तकात त्या मांडल्या, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमानं चढायच्या असा काही नियम नाही.

राहिला प्रश्न मुदतीचा. वर्षश्राद्ध झालं की दुःख संपतं, असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. सणाला, लेकीच्या लग्नात, हळद विकून पैसे हातात आले की हुंदका येणं अगदी स्वाभाविक आहे. पण साधारण दहातल्या एका माणसाचं दुःख जागचं हलतच नाही: रोजची कामं सुटतात, जगण्यात अर्थ वाटत नाही, आणि गेलेल्याचा ध्यास तेवढाच तीव्र राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात सहा महिन्यांच्या पुढं अशी अवस्था राहिली तर तिला उपचाराची गरज असलेला विकार मानतात. ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. उपचार बोलण्याचे असतात आणि त्यांनी फरक पडतो.

लहान मुलांना ‘पप्पा गावाला गेलेत’ सांगणं मात्र थांबवावं. मूल वाट बघत राहतं, आणि खरं कळल्यावर घरच्यांवरचा विश्वासही जातो. मेले, आता परत येणार नाहीत, तुझ्यामुळं काही झालं नाही. हे साध्या शब्दांत सांगितलं तर मुलांना पेलतं.

तेव्हा भेटायला जायचं राहिलं असेल, तर आजही जावं. गेलेल्याचं नाव घ्यावं, काय झालं होतं ते विचारावं आणि ऐकत बसावं; जुनी जखम उकलेल या भीतीनं गप्प राहू नये. समोरच्याला जगणंच नको झालंय असं जाणवलं, तर जिल्हा रुग्णालयात सोबत जावं किंवा १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावून द्यावा. तिथं चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येतं.