सर्पगंधेचा ससा, खाजकुइलीचं बी

सकाळी साडेसहाला थोरले काका कंपवाताची गोळी घेत आणि ओटीवरच्या खुर्चीत बसून राहत. पुढचा तासभर त्यांचं अंग त्यांच्या ताब्यात नसे. चहाची बशी समोर असे, पण मांडीवरचा हात उचलायलाही मोठी तयारी लागे. मग कधीतरी बोटं सैल पडत, चेहरा जागा होई आणि काका स्वतःच्या हातानं सदऱ्याची बटणं लावू लागत. वरून खाली, एकेक. काकू तोवर स्वयंपाकघराच्या दारात उभी असे. शेवटचं बटण लागलं की आत जाई.

घरामागच्या गडग्यावर खाजकुइलीचा वेल होता. थंडीत शेंगा वाळून तपकिरी झाल्या की आम्हा मुलांना तिकडे फिरकायची बंदी असे. शेंगेवरची मखमली लव नुसत्या वाऱ्यानंसुद्धा अंगावर यायची. मग आजी ओलं शेण फासायची आणि ते सुकलं की खरवडून काढायची. त्या लवेत प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. ही खाज हिस्टामिनमुळे उठत नाही, त्यामुळे अंगावर पित्त उठल्यावर घेतात त्या गोळीचा इथे फारसा उपयोग होत नाही. सुकलेलं शेण लव उपटून काढत असावं. आजीला विकर ठाऊक नव्हतं, पण काय काढून टाकायचं हे पक्कं ठाऊक होतं.

काकांची गोळी आणि गडग्यावरचा वेल यांचं नातं मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं. गोळीत लेव्होडोपा होतं. खाजकुइलीच्या वाळलेल्या बियांतही तेच असतं, साधारण चार ते सहा टक्के. हे नातं जगाला समजलं त्याला कारण झाली आपल्याच रानातली दुसरी एक वनस्पती, सर्पगंधा. या दोघींची गोष्ट एकत्र सांगितल्याशिवाय कळत नाही.

सर्पगंधा म्हणजे हात-दीड हात उंचीचं झुडूप. पांढरी-गुलाबी फुलं, लालसर देठ, काळी होत जाणारी फळं. औषध सगळं मुळात, आणि त्यातही मुळाच्या सालीत, म्हणून जाणकार मूळ घासून गोरं करत नाहीत. जिभेला लावलं तर कडू चव बराच वेळ जात नाही. बिहारमध्ये हे मूळ ‘पागल की दवा’ म्हणून बाजारात मिळायचं. बेभान झालेल्या माणसाला ते देत, आणि तो शांत होई.

या लोकानुभवाकडे वैद्यकानं नीट पाहिलं ते १९३१ साली. कोलकात्यातले गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण येतो असं लिहिलं. गणनाथ सेन आयुर्वेदाचे पंडित होते आणि पाश्चात्त्य वैद्यकही शिकलेले होते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातली अल्कलॉइडं वेगळी केली. त्यांतल्या एकाला त्यांनी ‘अजमलिन’ नाव दिलं, हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ. हृदयाच्या लयीतला एक छुपा दोष शोधण्यासाठी अजमलिन आजही वापरतात. एका हकिमाचं नाव असं हृदयरोगाच्या तपासणीत टिकून राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण जगानं दखल घेतली ती मुंबईमुळे. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांना सर्पगंधा देऊन रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या, आणि तो लेख १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर सुसह्य असं औषध जवळजवळ नव्हतंच. मीठ तोडा, विश्रांती घ्या, फार झालं तर पाठीतल्या चेता कापायची शस्त्रक्रिया. अशा वेळी एका झुडपाच्या मुळानं पारा उतरतो हे आकड्यांनिशी मांडलं गेलं. ‘गुण येतो’ हे वाक्य आपल्याकडे शेकडो वर्षं बोललं जात होतं. वकिलांनी त्याला कुणाला, किती दिवसांत आणि कितीनं हे प्रश्न विचारले. माझ्या मते परंपरेचा याहून मोठा मान दुसरा नाही. एखादी गोष्ट खरी असू शकेल असं मनापासून वाटल्याशिवाय कुणी ती पन्नास माणसांवर मोजत बसत नाही. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

मधल्या काळात, १९५२ साली, बासलच्या सीबा कंपनीत मुळातून रिसर्पिन हे शुद्ध द्रव्य वेगळं झालं. दोनच वर्षांनी न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. ‘पागल की दवा’ हे बिहारी नाव तिथे खरं ठरलं. पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९६७ साली आले. ज्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९ होता त्यांना तीन औषधं एकत्र दिली होती, आणि त्यांत एक रिसर्पिन होतं. रक्तदाब उतरवला की पक्षाघातासारखे घाले टळतात हे त्या चाचणीनं ठामपणे दाखवलं. आज डॉक्टर ‘गोळी चुकवू नका’ म्हणून बजावतात, त्यामागच्या पुराव्यात सर्पगंधेचा वाटा आहे.

झाडाला मात्र हे यश महागात पडलं. मुळासाठी खणलं की झुडूप गेलं, आणि मूळ पोसायला दीड-दोन वर्षं तरी लागतात. रानंच्या रानं उपसली गेली. आता सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि काष्ठौषधींच्या बाजारात तिच्या नावावर तिच्याच कुळातल्या दुसऱ्या झुडपाची मुळंही खपवली जातात.

रिसर्पिननं वेगळीच एक अडचण दाखवली. काही रुग्ण खिन्न होत. काहींची हालचाल मंदावे, हात थरथरत, चेहरा लाकडासारखा होई, अगदी कंपवाताच्या रोग्यासारखा. असं का होतं? चेतापेशीच्या टोकाशी इवल्या पिशव्या असतात. त्यांत डोपामिन, सेरोटोनिन असे निरोप पोहोचवणारे पदार्थ साठवलेले असतात. रिसर्पिन या पिशव्या भरण्याची वाटच अडवतं. बाहेर राहिलेला माल पेशीतली विकरं मोडून टाकतात. कोठार रिकामं, मग निरोप जाणार कसा?

स्वीडनमधल्या लुंड इथे आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपा टोचलं, शरीरात ज्याचं डोपामिन होतं ते. थोड्याच वेळात कान उभे राहिले, ससे इकडेतिकडे बघू लागले. डोपामिन स्वतःच एक निरोप्या आहे आणि हालचालीला ते लागतं, ही समज इथून वाढली. व्हिएन्नात होर्निकिविच यांनी १९६० साली कंपवातानं गेलेल्या माणसांच्या मेंदूत डोपामिन कमी पडल्याचं दाखवलं, आणि त्या दशकाच्या अखेरीस लेव्होडोपा हे कंपवाताचं मुख्य औषध झालं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. त्या प्रयोगातल्या सशाला झोपवलं सर्पगंधेतल्या द्रव्यानं, आणि उठवलं ते द्रव्य खाजकुइलीच्या बियांतही असतं.

असतं, हे आपल्याकडे आधीच कळलं होतं. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच खाजकुइलीच्या बियांतून डोपा वेगळं केलं होतं. त्याचं करायचं काय हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो शोध वीस वर्षं तसाच पडून राहिला.

आयुर्वेदात कपिकच्छू, म्हणजे हीच खाजकुइली, वातविकारांवर वापरत आलेच होते. हा धागा मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पकडला. कंपवाताच्या रुग्णांना खाजकुइलीची पूड देऊन त्यांनी १९७८ साली अनुभव प्रसिद्ध केले. १९९५ साली साठ रुग्णांवरचा बारा आठवड्यांचा अभ्यास आला. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर बारकाईची चाचणी झाली. कोणत्या वेळी पूड आणि कोणत्या वेळी नेहमीची गोळी, हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. तीस ग्रॅम पुडीचा गुण सरासरी ३४.६ मिनिटांत दिसला, तर गोळीला ६८.५ मिनिटं लागली.

ही तफावत वाचली तेव्हा मला ओटीवरची खुर्ची आठवली. खुर्चीत अडकलेल्या माणसाला अर्धा तास म्हणजे काय, हे काकूला विचारावं.

तरी हा आकडा आठच जणांचा आहे. पुढच्या एका चौदा जणांच्या अभ्यासात रोज पूड घेणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती मध्येच सोडली. कुणाच्या पोटाला झेपली नाही, कुणाची हालचालच बिघडली. गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असतं, ते लेव्होडोपाला वाटेतच खर्च होऊ देत नाही. बियांत अशी सोय अजून तरी सिद्ध झालेली नाही. शिवाय एका वेलाची बी दुसऱ्या वेलासारखी असेलच असं नाही.

आमच्याच घरी हे घडलं. ओळखीच्या एकानं प्रेमानं कवचबियांची, म्हणजे खाजकुइलीच्याच बियांची, पूड आणून दिली. ‘झाडपाल्याचंच तर आहे’ म्हणून काकांनी गोळी चालू ठेवून वर चमचाभर पूड घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांची मान आणि खांदे आपोआप वळवळू लागले, थांबवता थांबेनात. डोपा जास्त झालं होतं. काका घाबरले नाहीत, पण काकूचा चेहरा मला आजही दिसतो.

डॉक्टर रागावले नाहीत. पुडीची पिशवी हातात घेऊन त्यांनी विचारलं, ‘‘वहिनी, चमच्यात किती ग्रॅम बसतं? आणि त्यात डोपा किती?’’ उत्तर कुणाकडेच नव्हतं. पूड बंद झाली. त्यांनी काकूला एक वही घालायला सांगितली. गोळी कधी घेतली आणि हात कधी चालू झाला, एवढंच लिहायचं.

काकूची ती वही माझ्याकडे आहे. शाळेची, दुरेघी. ‘हात कधी चालू झाला’ हे कसं ठरवायचं, तर तिनं आपलं माप आपणच शोधलं होतं. प्रत्येक ओळीत दोनच वेळा आहेत, डावीकडे ‘गोळी’, उजवीकडे ‘शेवटचं बटण’. ६.३०, ७.४५. ६.३०, ७.३५. ६.३०, ७.४०.